‘ली’ कुणाची?

‘मी मराठी शिकली.’

तीन शब्दांचं हे वाक्य माझ्या सुनेनं एका रात्री मोबाइलवर लिहिलं. समोर माणूस नव्हता. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा, गप्पा मारू शकणारा एक मदतनीस होता. तिनं त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, की मी थ्रिसूरची, माझी भाषा मल्याळम, लग्नानंतर दोन वर्षं पुण्यात आहे. माझ्याशी मराठीत बोल आणि चुकले तर सांग. दुसऱ्या दिवशी तो सगळा संवाद तिनं मला वाचायला दिला. अठ्ठावीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे पेन्सिल घेऊनच वाचायला बसले. पहिल्या पानाच्या मध्यावर ती खाली ठेवली.

त्या वाक्याचं मी काय केलं असतं, ते मला पक्कं ठाऊक आहे. ‘ली’वर काट मारून वर ‘ले’ लिहिलं असतं आणि पुढच्या वहीकडे वळले असते. मदतनिसानं मात्र काट मारली नव्हती. त्यानं लिहिलं होतं: ‘तुमचं म्हणणं कळलं. एक विचारू? ही ‘ली’ तुम्ही स्वतःसाठी लावलीत, की ‘मराठी’साठी?’

हा प्रश्न मी किती वेळा वाचला असेन! एखाद्या बंदिशीत गवई समेच्या अलीकडे क्षणभर थांबतो आणि त्या थांबण्यानं पुढची सम उजळते, तसं हे थांबणं आहे. कारण त्या एका चुकीकडे दोन वाटा येतात आणि दोन्ही वेगवेगळ्या गावांहून निघालेल्या असतात.

पहिली वाट अशी. बोलणारी बाई आहे. तिनं ‘ती शिकली’, ‘ती गेली’ ऐकलंय. म्हणून स्वतःबद्दलही ‘मी शिकली’. हिंदीतून मराठीकडे येणारा माणूसही या वाटेनं येऊ शकतो. (नागपूरकडे बायका ‘मी गेली’ म्हणतात, आणि तिथल्या बोलीत ते बरोबरच आहे. शाळेत असताना मी हे मुलींना पुरेसं सांगितलं नाही, याची मला आज खंत वाटते.) दुसरी वाट अधिक अवघड, अधिक अभ्यासाची. तिला आदल्याच आठवड्यात कळलं होतं, की मराठीत झालेल्या गोष्टीबद्दल बोलताना क्रियापद पुष्कळदा करणाऱ्याला सोडून कर्माच्या मागे जातं. मी भाकरी खाल्ली, मी आंबा खाल्ला, मी केळं खाल्लं. खाणारी एकच, पण खाल्लेल्या वस्तूच्या लिंगाप्रमाणे क्रियापद बदलत गेलं. मग ‘मराठी’ स्त्रीलिंगी, म्हणून ‘मी मराठी शिकली’. या वाटेनं आलेली चूक ही चूक नसून नियम नीट समजल्याची खूण आहे. लाल शाईला या दोन वाटा दिसत नाहीत. तिला फक्त ‘ली’ दिसते.

सुनेनं उत्तर दिलं होतं: ‘मराठीसाठी. काल भाकरी खाल्ली ना!’

आणि मग मला या संवादातली सगळ्यात सुंदर वाटलेली ओळ येते: ‘मग तुमचा नियम बरोबर आहे. ‘शिकणे’ तो पाळत नाही.’ या वाक्याचा कर्ता कोण आहे ते पाहा. न पाळण्याचं काम क्रियापदाकडे गेलं आहे, शिकणारीकडे नाही. ‘तुमचं चुकलं’ असं म्हटलंच नाही, तरी चूक झाकलीही नाही. खोटी शाबासकी नाही, ‘वा, छान प्रयत्न’ नाही. जे खरंच बरोबर होतं त्याला बरोबर म्हटलं आणि उरलेली अडचण भाषेच्या पदरात टाकली. चांगल्या शिक्षकाच्या तोंडून अशी वाक्यं निघतात, पण चाळीस मुलांच्या वर्गात, तास संपायला सात मिनिटं असताना, फार क्वचित निघतात.

‘शिकणे’बरोबर त्यानं तिला तशीच आणखी क्रियापदं दिली होती: विसरणे, बोलणे, म्हणणे, पिणे, जेवणे, जिंकणे. तिनं दूध आणलं, पण ती दूध प्यायली. तिनं नाव लिहिलं, पण ती नाव विसरली. ही यादी व्याकरणाच्या पुस्तकात अपवाद म्हणून येते आणि आम्ही ती पाठ करून घेत असू. या वेळी मात्र मला तिच्यात काहीतरी दिसलं. भाकरी खाल्ली की खुणेची ‘ली’ भाकरीला मिळते. शिकताना, विसरताना, बोलताना ती खूण त्या माणसाच्या अंगावर उमटते. भाषा आहे तशीच राहते, शिकणारी बदलते. ही माझी, एका वाचकाची, समजूत आहे. ‘खाणे’ या रांगेत बसत नाही आणि ‘जेवणे’ बसतं, एवढ्यानंही ती डळमळते. तरी ‘मी मराठी शिकले’ या वाक्यातली ‘ले’ तिच्या वाट्याला आलेली आहे, मराठीच्या नव्हे, हे तिला सांगताना मला फार बरं वाटलं. मल्याळममध्ये अशी खूणच नाही. ‘ञान पठिच्चु’ म्हणजे मी शिकले, आणि मी शिकलोसुद्धा. बाई असो, पुरुष असो, शिकलेली गोष्ट कुठलीही असो, ‘पठिच्चु’ हलत नाही. त्या स्थिर क्रियापदाकडून आमच्या या सतत रूप बदलणाऱ्या क्रियापदाकडे येणं किती लांबचा प्रवास आहे, हे मला तोपर्यंत कळलं नव्हतं.

इथे मला मंजुळा आठवते. शॉच्या ‘पिग्मॅलियन’ या नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी ‘ती फुलराणी’ लिहिलं आणि भक्ती बर्वे यांनी मंजुळा अजरामर केली. फुलं विकणाऱ्या मुलीला ‘शुद्ध’ बोलायला शिकवण्याचा प्रयोग. पण प्रयोग करणाऱ्या प्राध्यापकाला त्या मुलीच्या मनाचा पत्ता नसतो. माणसाशी संवाद करणाऱ्या पहिल्या संगणक-प्रोग्रामांपैकी एक जोसेफ वायझेनबाउम यांनी एमआयटीमध्ये रचला आणि 1966 साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. त्याचं नाव त्यांनी ‘एलायझा’ ठेवलं, शॉच्या त्या फुलवालीवरून. शिकवता शिकवता तिचं बोलणं सुधारत जातं, तसं या प्रोग्रामचंही सुधारता येईल, हा त्यामागचा विचार. म्हणजे यंत्राला नाव मिळालं ते शिकणाऱ्या मुलीचं. आज तेच यंत्र प्राध्यापकाच्या खुर्चीत बसलं आहे. ‘ही ‘ली’ कुणासाठी?’ असं ते विचारतं, तेव्हा मला त्या नाटकातल्या प्राध्यापकानं कधीच न विचारलेला प्रश्न ऐकू येतो: तुझ्या मनात काय होतं?

संवादात पुढे भाजीबाजाराच्या गप्पा आहेत. त्यांतल्या एका जागी मी पुन्हा थांबले. मदतनीस विचारतो: ‘आज बाजारातून आणायचं काही राहून गेलं का?’ ती लिहिते: ‘हो, मी कोथिंबीर विसरले.’ कोथिंबीर स्त्रीलिंगी, म्हणजे ‘विसरली’ लिहिण्याचा मोह तयारच होता. तिनं बरोबर ‘विसरले’ लिहिलं. आणि मदतनीस त्यावर काहीच बोलत नाही. पुढची ओळ आहे, ‘मग आमटीवर काय घातलंत?’ वीसेक ओळींपूर्वीचा धडा असा वेष पालटून परत येतो, जमतो, आणि गप्पा आमटीकडे जातात. हे ठरवून झालं की आपसूक, मला सांगता येणार नाही. पण रचना म्हणून पाहिलं तर ध्रुपद परत यावं तसं ते आलं आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं स्वतःवरच प्रयोग केले होते. अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची आणि किती वेळानं किती विसरतो ते मोजायचं. 1885 साली त्यानं ते पुस्तकरूपानं मांडलं. आपण सुरुवातीला भराभर विसरतो, नंतर सावकाश. म्हणून विसरण्याच्या बेतात असताना केलेली उजळणी सगळ्यात जास्त टिकते. शब्दांची कार्डं दाखवणारी आजची ॲप याच हिशेबावर चालतात. कार्डावर मात्र ‘विसरणे’ हा नुसता शब्द येतो. इथे ती खरोखर कोथिंबीर विसरली होती.

आता ज्या पानासाठी हा संवाद मी जपून ठेवला आहे, त्या पानाकडे येते.

गेल्या वर्षी जेवताना सून म्हणाली होती, ‘आई, दिवाळीत आम्ही कोकणात जाऊ.’ मी ‘बरं’ म्हटलं. यांनी ताटातून मान वर केली नाही. दोघांनी जायचं ठरवलंय, आपल्याला नुसतं कळवलंय, असं दोघांनाही वाटलं. नव्या जोडप्यानं जाऊ नये असं नाही, पण दिवाळीत? मी आठवडाभर त्याविषयी बोलले नाही. मग तिनं रेल्वेची तिकिटं दाखवली. चार होती. तिला ‘आपण’ म्हणायचं होतं. हिंदीतला ‘हम’ तिनं ‘आम्ही’ करून आणला होता. हिंदीत ऐकणारा त्या ‘हम’मध्ये आहे की नाही, ते प्रसंगावरून समजून घ्यावं लागतं. मराठीत ते शब्दातच ठरून जातं: ‘आपण’मध्ये समोरचा माणूस आत, ‘आम्ही’मध्ये तो बाहेर. गुजरातीत हा भेद आहे, हिंदीत नाही. मराठीत तो द्राविडी भाषांच्या शेजारानं आला असावा, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात.

मी तिला तेव्हा समजावलं होतं. ‘आपण म्हणजे हम सब, आम्ही म्हणजे सिर्फ हम.’ तिनं मान हलवली आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा ‘आम्ही’ म्हणाली. शाळेतल्या परप्रांतीय मुलांनाही मी हेच, असंच, हिंदीच्या हातानं सांगत आले होते. ती मुलंही मान हलवत.

मदतनिसानं काय लिहिलं होतं ते असं: ‘तुमच्या मल्याळममध्ये ‘नम्मळ’ आणि ‘ञङ्ङळ’ वेगळे आहेत ना? ‘नम्मळ’ म्हणाल तिथे मराठीत ‘आपण’ म्हणा. ‘ञङ्ङळ’ म्हणाल तिथे ‘आम्ही’. हिंदीचा ‘हम’ मध्ये आणू नका.’

खाली सुनेची ओळ एका शब्दाची आहे: ‘अय्यो.’

त्या एका शब्दात सगळं आहे. जो भेद तिला आम्ही परका म्हणून शिकवत होतो, तो तिच्याजवळ लहानपणापासून होता. तिच्या आईनं तिला ‘नम्मळ’ म्हणून कडेवर घेतलं असेल. आम्ही तिला तिच्याच घरात मागच्या दारानं, हिंदीच्या अंगणातून वळसा घालून नेत होतो. आणि त्यात दोष कुणाचाच नव्हता. मला मल्याळम येत नाही. पुण्यात मराठी शिकवणाऱ्या किती जणांना येत असेल? जिची भाषा शिक्षकाला येत नाही, तिला आपली भाषा कुठल्या दारानं दाखवायची हे त्याला कळायचं कसं?

त्यानंतर सून आणि मदतनीस या दोघांनी मिळून अशी आणखी दारं शोधली आहेत. ‘मला भूक लागली’ हे हिंदीवाल्यांनाही नवं नसतं, पण मल्याळममध्येही ‘एनिक्क’ म्हणजे ‘मला’ असं म्हणूनच भूक सांगतात. निघताना आपण ‘जाते’ न म्हणता ‘येते’ म्हणतो. तिच्याकडे ‘पोयिट्ट वराम’, जाऊन येते, असं म्हणतात. आणि ळ तर तिचाच. आमच्या सोसायटीत बाळाला ‘बाल’ म्हणणारे पुष्कळ आहेत, तिच्या तोंडी मात्र पहिल्या दिवसापासून ‘बाळ’ आणि ‘केळं’ स्वच्छ होतं. मला ते दोन वर्षं ऐकू येत होतं आणि त्याचा अर्थ कळत नव्हता.

परक्यांनी मराठी आत्मसात केल्याच्या कथा आपल्याकडे जुन्या आहेत. इंग्लंडातून गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचं ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली छापलं गेलं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831चा. त्यांना काळ होता, चिकाटी होती आणि मोल्सवर्थच्या हाताशी इथले पंडित होते. माझ्या सुनेला कार्यालयातून यायला साडेसात होतात. रात्री दहा वाजता तिच्या शंकेला उत्तर देणारा, मराठी आणि मल्याळम दोन्ही जाणणारा पंडित तिला कुठून मिळणार? तो तिला मिळाला, याचा मला मनापासून आनंद आहे.

तरीही या संवादातल्या काही पानांवर मी पेन्सिल पुन्हा उचलली.

तिनं एकदा सांगितलं, ‘तू मंडईतली भाजीवाली हो, मी वांगी घ्यायला आले.’ भाजीवाली म्हणते: ‘नमस्कार! आपल्याला किती वांगी हवी आहेत? आमच्याकडे ताजी वांगी उपलब्ध आहेत.’ महात्मा फुले मंडईत असं कुणी बोलत नाही. ‘उपलब्ध’ हा शब्द तिथे फळ्यावरही सापडायचा नाही. सुनेला हे कळलं, कारण ती दर रविवारी मंडईत जाते. तिनं लिहिलं, ‘भाजीवाली अशी बोलत नाही.’ मग दुसऱ्या खेपेला आलं: ‘या ताई, वांगी बघा की, आत्ताच उतरलीत. अर्धा किलो देऊ?’ हे पुष्कळ बरं. पण इथे कोण कुणाला शिकवतं? ज्याचे कान मंडईत तयार झालेत त्यालाच हा दोष दिसतो. मंडईत न गेलेल्याला ‘उपलब्ध’च मराठी वाटली असती.

याहून माझ्या जिवाला लागलेली गोष्ट साधी आहे. एका सकाळी मी पोळ्या लाटत होते तेव्हा सून म्हणाली, ‘आई, मी तुमची मदत करते.’ मराठीत मदत कुणाची करत नाहीत, कुणाला करतात: तुम्हाला मदत करते. संवाद चाळला तर ‘मी तुमची मदत करू शकतो’ हे वाक्य मदतनिसाच्या तोंडी सहा ठिकाणी सापडलं. हिंदीच्या साच्यात ओतलेलं मराठी. ‘हम’ बाजूला ठेवा असं सांगणारा स्वतःच ‘मदद’च्या मागून चालला होता. हे असं का होतं ते समजण्यासारखं आहे. ही यंत्रं लिहिलेल्या मजकुरावर घडतात. 2011च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे 8 कोटी 30 लाख लोक होते, पण इंटरनेटवर मराठीत लिहिलेला मजकूर त्या मानानं तुटपुंजा आहे, आणि त्यातला बराचसा भाषांतरित. जाहिराती, सूचना, बातम्या. आपण घरात जे बोलतो ते लिहून ठेवलेलं नाही. यंत्राला आपल्या स्वयंपाकघरातली मराठी कुणी वाढलीच नाही.

आणि चुकीचं सांगतानाचा त्याचा स्वर बरोबर सांगतानाच्या स्वरासारखाच असतो. ‘शिकणे’बद्दल तो जितका ठाम, तितकाच ‘तुमची मदत’ म्हणतानाही. माणूस शिक्षक असता तर चाचरला असता, ‘थांब, घरी विचारून सांगतो’ म्हणाला असता. त्या चाचरण्यातून विद्यार्थ्याला कळतं की इथे पाऊल जपून टाकायचं. या संवादात चाचरणं कुठेच नाही. म्हणून आता आमचं ठरलंय. ती रात्री त्याच्याशी बोलते, शनिवारी आम्ही दोघी तो संवाद वाचतो आणि जिथे माझा कान अडखळतो तिथे मी खूण करते. ‘तुमची मदत’ तिनं सोडली. तिच्या हातची आमटी आता मला मदत नसते, तिची स्वतःची असते, हे वेगळं.

राहता राहिला उच्चार, आणि इथे मी त्याला फार गुण देऊ शकत नाही. देवनागरीत आपण एकच ‘च’ लिहितो आणि दोन म्हणतो. मी तिच्यासाठी वाक्य रचलं होतं: ‘चार गायींना चारा चार.’ पहिला ‘चार’ आकडा, त्यातला च टाळूवरचा; उरलेले दोन्ही च दातांजवळचे. तसंच ‘जरा थांब’मधला ज आणि ‘जरा’ म्हणजे म्हातारपण, त्यातला ज. मोबाइलच्या आवाजानं तिन्ही च सारखेच वाचले, तेही टाळूवरचे. सुनेनं तसेच म्हटले. मग तिनं मोबाइल बाजूला ठेवला आणि माझ्या तोंडाकडे बघत बसली. ‘चारा’ म्हणताना माझ्या जिभेचं टोक कुठे टेकतं ते तिला पाहायचं होतं. मी आठ-दहा वेळा म्हटलं, ती पाहत राहिली, आणि मग तिच्या तोंडून अगदी आपला ‘चारा’ आला.

त्याच दुपारी पाऊस आला. मी विचारलं, तुमच्याकडे याला काय म्हणतात? ती म्हणाली, ‘मऴ.’ मी म्हटलं, ‘मळ.’ तिनं मान हलवली. जीभ मागे वळवायची, पण कुठेच टेकवायची नाही, असं तिनं हातानं दाखवलं. तळहात वाकवून, हवेत थांबवून. मी पुन्हा म्हटलं. ती पुन्हा ‘नाही’ म्हणाली. खिडकीतून पाणी आत येत होतं, तरी दोघीही उठलो नाही. सहाव्यांदा मी म्हटलं तेव्हा ती काही बोलली नाही. फक्त हवेतला हात तसाच धरून ठेवला आणि डोळ्यांनी सांगितलं, आणखी एकदा.